कोकण रेल्वेच्या कर्जाचा हिशेब

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली. सोबत दोन अटी घातल्या. मार्गाचं ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावं आणि राज्याने महामंडळात घातलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत. नावाच्या अटीवर आपल्याकडे भरभरून बोललं गेलं, कारण त्या नावात आपला जीव आहे. पैशाच्या अटीकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही. माझ्या मते या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

देशातला एक अत्यंत अवघड रेल्वेमार्ग या महामंडळाने आठ वर्षांच्या आत बांधून दाखवला. सरकारी काम म्हटलं की जी दिरंगाई आपण गृहीत धरतो, ती इथे बरीचशी टळली. तरीही हेच महामंडळ पुढची पंचवीस वर्षं पैशासाठी ओढगस्तीत राहिलं, दुहेरीकरणासाठी मंत्रालयाच्या तोंडाकडे पाहत राहिलं आणि शेवटी विलीनीकरणाच्या दारात येऊन उभं राहिलं. बांधकाम नीट झालं, मग बिघडलं कुठे? सरकारी तिजोरीवर पुढच्या पिढ्यांना पेलणार नाही एवढा भार पडू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या प्रश्नाच्या मुळाशी जायला हवं.

पैसा कुठून आणायचा

कोकणात रेल्वे यावी म्हणून बॅ. नाथ पै लोकसभेत झगडले. त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी ती मागणी पुढे नेली. रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि अडून राहिली. नव्या मार्गांसाठी रेल्वेच्या अर्थसंकल्पात जी रक्कम असे ती देशभरातल्या मंजूर कामांना थोडी थोडी वाटली जाई. त्या वाट्यातून रोहे ते मंगळूर हा मार्ग कधी पुरा झाला असता, ते सांगता येत नाही. कामं मंजूर करायची, प्रत्येकाला चिमूटभर निधी द्यायचा आणि कुठलंच वेळेत संपवायचं नाही, ही उधळपट्टीच आहे. तिचं लेखापरीक्षण होत नाही, एवढंच. अर्धवट पुलावरून गाडी जात नाही, पण त्यात घातलेला पैसा अडकून पडलेला असतो.

डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एक रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निवडून येणारा, दुसरा जन्माने मंगळूरचा. त्यांनी अर्थसंकल्पाच्या बाहेरून वाट काढली. १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ८०० कोटींचं भागभांडवल ठरलं. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. महाराष्ट्राच्या वाट्याला सुरुवातीला १७६ कोटी आले. उरलेला पैसा बाजारात कर्जरोखे विकून उभा करायचा, मार्ग सुरू झाल्यावर मिळणाऱ्या उत्पन्नातून तो फेडायचा आणि कर्ज फिटल्यावर मार्ग रेल्वे मंत्रालयाकडे सोपवायचा, अशी मांडणी होती.

ही मांडणी धाडसाची होती आणि मला ती आजही तत्त्वतः योग्य वाटते. ज्या राज्यांना फायदा होणार त्यांनी भागीदार व्हावं, जो प्रवास करणार त्याने भाड्यातून परतफेड करावी आणि पैसा एकदम हाताशी असावा म्हणजे काम रखडणार नाही. खोट होती ती रोख्यांच्या मुदतीत.

बांधताना काय बरोबर झालं

ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची सूत्रं होती. त्यांनी सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत तोडला आणि प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता नेमला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ आणि पुढे गोवा-कर्नाटकातले विभाग. निविदा, मोजमाप, देयक या गोष्टींसाठी फाईल दिल्लीला जायची गरज उरली नाही. किती दिवस उरले ते दाखवणारे फलक कार्यालयांत लागले. कातळातल्या बोगद्यांसाठी परदेशातून ड्रिलिंगची यंत्रं आणली. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन घ्यायची होती. महाड, खेड, चिपळूण भागांत ती ज्या झपाट्याने मिळाली तसं उदाहरण नंतरच्या रस्त्यांच्या कामात शोधून सापडत नाही. लोकांना रेल्वे हवी होती हे एक कारण. अधिकारी दारात जाऊन बसत आणि मोबदल्याचं बोलणं तिथल्या तिथे होई, हे दुसरं.

नव्वदहून अधिक बोगदे, लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. उक्षी-भोके पट्ट्यातला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग जोडला गेला. व्याजासह खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर पोचला.

वेळ आणि पैसा यांचा संबंध इथे स्वच्छ दिसतो. समजा, १००० कोटी रुपये १२ टक्क्यांनी घेतलेले आहेत. वर्षाचं व्याज १२० कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ लाख. काम चालू असो वा बंद, रविवार असो वा शिमगा, हे ३३ लाख रोज चढतात. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झालं, काम थांबलं, समिती बसली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली. बाकी बहुतेक मार्ग तयार असूनही एका तुकड्यासाठी सलग वाहतूक अडली आणि बांधून झालेल्या भागावर व्याज चढत राहिलं. गोव्यातल्या आंदोलकांचे आक्षेप गंभीर होते, खाजण जमिनींविषयीची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांविषयीची, त्यांची काळजी रास्त होती. म्हणूनच ती चर्चा रोखे विकण्याआधी पुरी व्हायला हवी होती. आधी पैसा उचलायचा आणि मग आखणीवर वाद घालायचा, हा क्रम तिजोरीला सर्वांत महाग पडतो.

मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात हाच धडा पुन्हा गिरवला गेला. २०११ मध्ये सुरू झालेलं काम एका दशकात संपलं नाही. भूसंपादन अर्धवट असताना कार्यारंभ आदेश निघाले, ठेकेदार बदलले, तुकडे पुन्हा निविदेला गेले आणि दर गणपतीला खड्डे बुजवायचा खर्च वेगळा. उलट महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि माणसं घेऊन. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. दोन्ही कामं एकाच रस्त्यावरची. जागा मोकळी, पैसा बांधून ठेवलेला आणि निर्णय एका ठिकाणी असेल तर सरकारी यंत्रणा काय करू शकते, याचं उत्तर कोकणातच दोनदा मिळालेलं आहे.

दहा वर्षांचं कर्ज, शंभर वर्षांचा मार्ग

आता मुख्य गोष्टीकडे. बोगदा शंभर वर्षं टिकतो, पुलाचे खांब त्याहून जास्त. त्यांच्यासाठी घेतलेल्या रोख्यांचं मुद्दल मात्र दहा वर्षांच्या आसपास परत करायचं होतं. नारळ लावून तिसऱ्या वर्षी कर्जाचा हप्ता नारळ विकूनच भरायचा, असा हा करार झाला.

थोडं गणित करून पाहू. १०० रुपये १२ टक्क्यांनी घेऊन समान हप्त्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर वर्षाला सुमारे १७ रुपये ७० पैसे लागतात. तेच तीस वर्षांत फेडायचे तर १२ रुपये ४० पैसे. लांब मुदतीत एकूण व्याज जास्त जातं हे खरं, आणि म्हणून कर्ज जितकं लवकर फेडाल तितकं बरं असा आपला संस्कार आहे. तो संसारात बरोबर आहे. पण ज्या पुलावरून माझी नात जाणार आहे, त्याचा सगळा हप्ता पहिल्या दहा वर्षांतल्या प्रवाशांनी भरावा, हे न्यायाचंही नाही आणि शक्यही नाही. रोख्यांत तर समान हप्ताही नसतो. व्याज दरवर्षी आणि मुद्दल एकदम.

त्यात उत्पन्नाचा अंदाज चुकला. मालवाहतूक अपेक्षेइतकी आली नाही. पश्चिम किनाऱ्यावर मोठे उद्योग उभे राहतील आणि त्यांचा माल या मार्गाने जाईल असं धरलं होतं, तसं घडलं नाही. महामंडळाला प्रत्यक्ष अंतरापेक्षा जास्त अंतर धरून भाडं आकारायची मुभा दिली गेली. म्हणजे कोकणातला प्रवासी देशातल्या इतर प्रवाशांपेक्षा किलोमीटरमागे जास्त पैसे मोजत आला. तरीही भागेना. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णे अशी मालट्रक रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. ती कल्पना अस्सल होती, उत्पन्नही देत राहिली. तेवढ्याने साडेतीन हजार कोटींचं ओझं हलणार नव्हतं.

त्याच काळात मडगावला स्कायबसचा प्रयोग झाला. सुमारे दीड किलोमीटरचा चाचणी मार्ग उभारला, सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीदरम्यान अपघात होऊन एक कर्मचारी मृत्युमुखी पडला, आणि पुढे सगळा सांगाडा उतरवावा लागला. संशोधनाला माझा विरोध नाही. पण कर्जाचं व्याज थकत असताना मूळ मार्गाबाहेरच्या प्रयोगावर पैसा घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

रोख्यांची मुदत भरत आली तेव्हा मुद्दल फेडायला पैसा नव्हता. रेल्वे मंत्रालयाने कर्ज देऊन रोखे फेडले. मग मंत्रालयाचं कर्ज आणि त्यावरचं व्याज साठत गेलं. अखेर २००८-०९च्या सुमारास आर्थिक पुनर्रचना झाली आणि सुमारे ४००० कोटींचं देणं प्रेफरन्स शेअरमध्ये, म्हणजे व्याज द्यावं न लागणाऱ्या भागभांडवलात, बदललं गेलं. त्यामुळे दरवर्षीचं व्याज थांबलं आणि महामंडळाच्या ताळेबंदावर उजेड पडला. पण कर्ज विरघळून जात नाही. महामंडळाच्या वहीतून ते केंद्राच्या वहीत गेलं, इतकंच. अर्थसंकल्पाबाहेरून म्हणून ज्या मार्गाचा गौरव झाला, त्याचा भार सरतेशेवटी अर्थसंकल्पावरच आला.

हे आवर्जून सांगायचं कारण असं की आज राज्यं हाच रस्ता पुन्हा धरत आहेत. महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली आहे. त्याशिवाय महामंडळांच्या नावावर घेतलेली, राज्याने हमी दिलेली कर्जं वेगळी असतात. २००५च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने तुटीवर मर्यादा आणली, म्हणून कर्ज महामंडळाकडे सरकवायचा मोह होतो. कोकण रेल्वेचा इतिहास सांगतो की ते पंधरा-वीस वर्षांनी परत येतं, व्याज घेऊन.

कटिंगचा उतार

आर्थिक चुकीची एक किंमत रुपयांत मोजता येत नाही.

आपल्याकडे वर जांभा आणि खाली चिकण माती असते. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली उतरतं, माती लोण्यासारखी होते आणि वरचा दगड सुटतो. इथे डोंगर कापायचा तर उतार सैल ठेवावा लागतो. उतार सैल ठेवायचा तर जास्त जमीन, जास्त माती, जास्त पैसा. कटिंग उभी ठेवली की बांधकामाचा आकडा कमी दिसतो.

२२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी तिच्यावर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातल्या करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर पडलेल्या दगडांमुळे घसरली. पुन्हा मृत्यू झाले. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, पोलादी जाळ्या बसवल्या, खडकात बोल्ट ठोकले, डोंगराच्या माथ्यावरून पाणी वळवायला गटारं काढली, गस्त वाढवली, पावसाळ्यात वेग कमी केला. पावसाळी वेळापत्रक आता आपल्या अंगवळणी पडलंय.

ही सगळी कामं चांगली झाली आणि त्यांचा परिणामही दिसतो. पण त्यांतली बरीचशी पहिल्या अंदाजपत्रकात असायला हवी होती. उभी कटिंग ही बचत नव्हती, पुढे ढकललेला खर्च होता. जुलै २०२४ मध्ये पेडणे बोगद्यात पाणी आलं आणि त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटी इथे माती रुळांवर येऊन गाड्या दिवसभर अडकल्या. डोंगर आपला हिशेब दर पावसाळ्यात मांडतो.

देखभालीचा पैसा नेहमी मागे का राहतो, हे गावापासून दिल्लीपर्यंत एकच आहे. नव्या कामाला नारळ फुटतो, जाळी बदलायला कोणी मंत्री येत नाही. नळपाणी योजना घ्या, बंधारा घ्या, शाळेचं छप्पर घ्या. खर्च खऱ्या अर्थाने काटकसरीचा करायचा तर बांधकामाच्या अंदाजपत्रकालाच पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीचा आकडा जोडून मंजुरी मागायला हवी. तो आकडा न जोडता ‘कमी खर्चात काम केलं’ असं म्हणायचा अधिकार कोणालाही नाही.

फायदा कोणाच्या वहीत

रेल्वेमुळे कोकणाला काय मिळालं याचा हिशेब महामंडळाच्या तिकीटविक्रीत सापडत नाही. मंगळूर आणि केरळ मुंबईला जवळ आले. गोव्याचं पर्यटन वाढलं, त्याचा कर गोव्याला आणि केंद्राला मिळाला. स्टेशनांजवळच्या जमिनींचे भाव चढले, मुद्रांक शुल्क राज्याने घेतलं. चाकरमान्याला शनिवारी येऊन सोमवारी कामावर हजर होता येऊ लागलं. कर्ज मात्र एकट्या तिकिटावर ठेवलं होतं. फायदा पाच वह्यांत वाटला गेला आणि देणं एका वहीत राहिलं, तर ती वही तुटीत जाणारच. स्टेशनांभोवतीच्या वाढलेल्या जमीनमूल्यातला एक हिस्सा सुरुवातीपासून कर्जफेडीकडे वळवला असता, तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

स्थानिकांची तक्रार यातूनच समजून घेता येते. कर्जात बुडालेल्या महामंडळाला लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या परवडतात; संगमेश्वर, सावर्डे, वैभववाडीला थांबणारी पॅसेंजर परवडत नाही. दादर–रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्यापर्यंतच राहिली. जास्त भाडं आपण भरायचं आणि गाड्या आपल्या स्टेशनावरून धडधडत पुढे जायच्या, हे दुःख खरं आहे. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी अर्धा अर्धा तास उभी राहते, कारण दुहेरीकरणाला पैसा नाही. रोहे ते वीर एवढंच दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं.

एका गुंतवणुकीचं उदाहरण मात्र मुद्दाम द्यायला हवं. संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०१५ मध्ये हाती घेतलं आणि २०२२ मध्ये पुरं झालं, खर्च १२८७ कोटी. डिझेल वाचलं, इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबवणं गेलं. ज्या खर्चामुळे पुढचा दरवर्षीचा खर्च कमी होतो तो आधी करायचा. तिजोरी सांभाळायची म्हणजे नुसता हात आखडता घ्यायचा, असं नाही.

विलीनीकरणानंतर

विलीनीकरण झालं तर दुहेरीकरणाला आणि स्टेशनांना अर्थसंकल्पातून पैसा मिळण्याची वाट मोकळी होईल, वाढीव भाड्याला कारणही उरणार नाही. मी त्या बाजूचा आहे. मात्र दरडींसाठीचा निधी देशभरच्या देखभालीच्या शीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या त्या सदरात, मिसळला जाता कामा नये. हरयाणातल्या सपाट मार्गाचा किलोमीटरमागचा देखभाल दर नातुवाडीच्या डोंगराला लावला तर जाळ्या गंजतील आणि आपण पुन्हा जून २००३ मध्ये जाऊन पोचू. कोकणच्या खासदारांनी नावाइतक्याच जोराने या वेगळ्या शीर्षाची मागणी करावी.

राज्याला ३९६ कोटी परत मिळाले तर ते कुठे जातात याकडेही लक्ष ठेवायला हवं. भांडवल म्हणून गेलेला पैसा भांडवल म्हणूनच यावा, पगार-अनुदानात जिरू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली स्टेशनं गावांना जोडणारे रस्ते अजून धड नाहीत. रात्री अडीचला उतरलेल्या बाईमाणसाला रिक्षावाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं. तो पैसा तिथे लागला तर रेल्वेच्या जुन्या गुंतवणुकीचाही उपयोग वाढेल.

आणि दोन कामं दारात आहेत. वैभववाडी–कोल्हापूर मार्ग घाट फोडून किनाऱ्याला देशाशी जोडेल. बॅ. अंतुले यांच्या काळापासून ऐकू येणारा रेवस–रेड्डी सागरी महामार्ग आता खाड्यांवरच्या पुलांच्या रूपाने पुढे सरकतो आहे. दोन्हींना माझा पाठिंबा आहे. पहिला रोखा विकण्याआधी, पहिला कार्यारंभ आदेश निघण्याआधी तीन कागद लोकांसमोर यावेत. कर्जाची मुदत आणि ती फेडणाऱ्या उत्पन्नाचा अंदाज, कोणी तपासला त्याच्या नावासह. जमीन किती टक्के ताब्यात आहे त्याचा सातबारानिहाय तक्ता. आणि तीस पावसाळ्यांची देखभाल कोणत्या शीर्षातून होणार त्याची मंजुरी. ज्या गावांतून हे मार्ग जाणार आहेत त्यांच्या ग्रामसभांनी हे कागद मागायला आत्ताच सुरुवात करावी.